कलहांतरिता आणि त्सुंदेरे

पेंचच्या जंगलाचा दक्षिणेकडचा तुकडा नागपूर जिल्ह्यात येतो आणि तो रामटेक व पारशिवनी या दोन तालुक्यांत वाटला गेला आहे. वर सिवनी-छिंदवाडा, मधून पेंच नदी, इकडे कोलितमारा आणि नवेगाव खैरीचं धरण. रुडयार्ड किपलिंगनं १८९४ साली ‘द जंगल बुक’ छापलं ते सातपुड्याच्या याच पट्ट्यावर. लिहिलं मात्र अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये बसून, रॉबर्ट स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या पुस्तकांचा आधार घेऊन. पुढे १९८९ मध्ये जपानच्या निप्पॉन ॲनिमेशननं त्याची ५२ भागांची मालिका केली. नव्वदच्या दशकात ती हिंदीत होऊन दूरदर्शनवर रविवारी सकाळी येऊ लागली. गीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची आणि शेरखानाला आवाज मुरुड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा. म्हणजे वाघ आमच्या पेंचचा, गोष्ट व्हरमाँटची, चित्रं जपानची आणि गुरगुरणं मुरुड-जंजिऱ्याचं!

हे ‘ॲनिमे’ आहे, असं तेव्हा कोणी म्हणत नव्हतं. ‘मोगली लागला’ एवढंच. पण ॲनिमेची खूण त्यात पक्की होती: दर पात्राला एकेक स्वभाव वाटून दिलेला. बघीरा शहाणा, बल्लू मायाळू गुरुजी, शेरखान कपटी. शिवाय किपलिंगच्या पुस्तकात कुठेही नसलेला किची नावाचा एक लाल पांडा मोगलीच्या टोळीत घुसवलेला. लाल पांडा पूर्व हिमालयातला प्राणी, त्याचं सातपुड्यात काय काम? काम एवढंच की जपानी बालमालिकेत एक इवलंसं, गोड, केसाळ पात्र लागतं. जागा रिकामी होती, ती भरली. भूगोलाला कोण विचारतो!

साच्याचा हा जोर पडद्यापुरता राहत नाही. किपलिंगच्या दुसऱ्या ‘जंगल बुक’मध्ये रानकुत्र्यांची झुंड दख्खनकडून संकटासारखी चालून येते. त्या काळात सरकारही रानकुत्रं मारणाऱ्याला बक्षीस देत असे, कारण ‘क्रूर’ हा शिक्का एकदा बसला होता. आज तेच रानकुत्रे कायद्यानं संरक्षित आहेत आणि जिप्सीतल्या पर्यटकांना दिसले तर पैसे वसूल झाल्याचा आनंद होतो. वाघाचंही तेच. पेंचच्या मध्य प्रदेशातल्या भागात ‘कॉलरवाली’ नावाची वाघीण होती. आठ वेतांत तिनं २९ बछडे दिले आणि जानेवारी २०२२ मध्ये ती गेली, तेव्हा ‘सुपरमॉम’ गेली म्हणून बातम्या आल्या. आणि एखादा वाघ जंगलाबाहेर शेताच्या धुऱ्यावर दिसला, की त्यानं माणसाला बोटही लावलेलं नसताना तो ‘नरभक्षक’ होतो. जनावर तेच, नाव कोणतं द्यायचं ते आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरतं.

हे इतकं सांगायचं कारण असं की आज ‘नारुतो’ आणि ‘डेमन स्लेयर’ मोबाइलवर पाहणाऱ्या पोरांच्या तोंडी स्वभावांची एक अख्खी परिभाषा आहे आणि मोठ्यांना तिचा पत्ता नाही. ‘त्सुंदेरे’ म्हणजे वरून फणकारणारी, आतून जीव लावणारी. ‘कुदेरे’ थंड, निर्विकार, क्वचित एखाद्या वाक्यात विरघळणारी. ‘दांदेरे’ लाजाळू, गर्दीत मुकी आणि एकट्या माणसापाशी मोकळी. ‘यांदेरे’ प्रेमापायी जीव घेण्यापर्यंत जाणारी. ही नावं बहुतेक मुलींना लागतात, हेही लक्षात ठेवावं. मुलांसाठी वेगळे साचे आहेत: खादाड, भाबडा पण न हरणारा नायक, त्याचा अबोल, गुणी, जखमी प्रतिस्पर्धी, आणि डोळे मिचकावत सगळं ठाऊक असलेला गुरू. एखादी नवी मालिका सुरू झाली की पहिल्या भागातच पोरं पात्रांची वाटणी करून मोकळी होतात.

आणि ही वाटणी करण्यात मजा असते, ते नाकारण्यात अर्थ नाही. साचे आळसातून आले असं म्हणणं सोपं आहे. ते अर्धंच खरं. ओसामू तेझुका यांनी १ जानेवारी १९६३ ला ‘तेत्सुवान आतोम’ ही मालिका सुरू केली तेव्हा हातात पैसा थोडा होता आणि दर आठवड्याला भाग द्यायचा होता. चित्रं कमी काढायची, हालचाल वाचवायची, तर पात्र दिसताक्षणी ओळखू आलं पाहिजे. तेझुकांनी आधीच कॉमिक्समध्ये एक युक्ती केलेली होती. नाटक कंपनीत असावेत तसे त्यांचे ठरलेले ‘नट’ होते, चित्रातले. तोच मिशाळ म्हातारा एका गोष्टीत गुप्तहेर, दुसरीत मास्तर. वाचक त्याला पाहिल्यावर हसून सावरून बसे, अर्धी ओळख आधीच झालेली असे. आमच्याकडच्या खडी गंमतीत सोंगाड्या आला की त्यानं तोंड उघडण्याआधीच लोक हसायला लागतात, त्यातलाच हा प्रकार. ओळख आयती मिळाली की लेखकाला उरलेला वेळ गोष्टीसाठी मिळतो.

‘डोरेमॉन’ घ्या. खेड्यातल्या लेकरालाही नोबिता, जियान, सुनियो आणि शिझुका माहीत आहेत. एक आळशी रडका, एक दांडगट, एक श्रीमंतीची शेखी मिरवणारा, एक शहाणी मुलगी. वर्गात जियान कोण, हे पोरं न भांडता ठरवतात. फुजिको फुजिओंनी १९६९ च्या अखेरीस सुरू केलेली ही चौकट अजून चालते, कारण जगातल्या कुठल्याही वर्गात हे चौघं सापडतात. पण याच ‘डोरेमॉन’चे चित्रपट निघाले, १९८० पासून, आणि तिथे एक गंमत झाली. रोजच्या भागात नोबिताला बदडणारा जियान चित्रपटात मित्रासाठी जीव धोक्यात घालतो. जपानी प्रेक्षकांत ‘चित्रपटातला जियान’ हा चेष्टेचा विषयच होऊन बसला. चेष्टा बाजूला ठेवली तर त्यात समज आहे. पोरगा तोच आहे. गल्लीत त्याच्यापाशी दांडगाईशिवाय काही करण्यासारखं नसतं. संकट आलं की तीच रग दुसऱ्या कामाला लागते.

माझ्या मते सगळा झगडा इथेच आहे: साचा म्हणजे माणसाचा स्वभाव, की माणसाची एका वेळची अवस्था?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. पारशिवनीच्या शेजारचा तालुका रामटेक. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला रामगिरी तो हाच, असं नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी हिरिरीनं मांडलं. सगळ्यांना ते पटलेलं नसलं तरी रामटेकच्या संस्कृत विद्यापीठाला कालिदासाचंच नाव आहे. तर त्या यक्षाची बायको. नाट्यशास्त्राच्या हिशेबात ती प्रोषितभर्तृका, नवरा परगावी असलेली. भरतानं सांगितलेल्या आठ नायिकांपैकी एक. बाकीच्यांत साजशृंगार करून वाट पाहणारी वासकसज्जा आहे, संकेतस्थळी फसवली गेलेली विप्रलब्धा आहे, नवऱ्याच्या अंगावर दुसरीच्या खुणा पाहून भडकलेली खंडिता आहे, रात्री आपणहून निघालेली अभिसारिका आहे. आणि एक कलहांतरिता आहे. ती रागाच्या भरात प्रियकराला झिडकारते, घालवून देते आणि तो गेल्यावर हळहळत बसते. ॲनिमेवाल्या पोराला हे वर्णन ऐकवलं तर तो पटकन म्हणेल, ही तर त्सुंदेरे!

नाही. किंवा अर्धी. शास्त्रकारांनी या आठांना अवस्था म्हटलं आहे. आजची वासकसज्जा दिवा विझेपर्यंत तो आला नाही तर विप्रलब्धा होते, सकाळी तो भलत्या खुणा घेऊन उगवला तर खंडिता, आणि त्याला हाकलून दिलं की कलहांतरिता. एकाच बाईचा एका रात्रीतला प्रवास. यक्षाची बायको काही जन्माची रडवी नाही. कुबेराचा शाप वर्षाचा आहे, त्यातले चार महिने उरले आहेत, आणि तेवढ्यापुरती ती अशी आहे. यक्ष ढगाला तिचं वर्णन करतो तेव्हा ती काय काय करत असेल ते सांगतो: आठवणीनं त्याचं चित्र काढत असेल, सारिकेशी बोलत असेल, वीणा हाती घेऊन गाण्याची चाल विसरत असेल, उंबऱ्यावर फुलं मांडून दिवस मोजत असेल. शास्त्राचा साचा एकच, पण तो या बारीकसारीक गोष्टींनी इतका भरला आहे की साचा दिसेनासा होतो.

आपल्या शास्त्रानं शहाणपणाचा मक्ता घेतला होता असं मात्र कोणी समजू नये. पुढच्या पंडितांना मोजदादीचा नाद लागला. भानुदत्तानं ‘रसमंजरी’त स्वकीया-परकीया, मुग्धा-प्रगल्भा, उत्तमा-अधमा असे गुणाकार करत नायिकांची संख्या ३८४ वर नेली. आज ‘देरे’ लावून रोज नवा प्रकार काढणाऱ्या जपानी चाहत्यांनी त्याला गुरू मानायला हरकत नाही.

जपानमध्ये हा गुणाकार कसा चालतो ते हिरोकी आझुमा या विचारवंतानं २००१ मधल्या एका पुस्तकात उलगडून दाखवलं. त्याचं म्हणणं, नव्या पिढीचा चाहता गोष्ट बघतच नाही. तो पात्रांचे सुटे भाग बघतो. मांजराचे कान, घंटा, मोलकरणीचा झगा, डोक्यावर उभी राहिलेली बट, बोलण्याची एखादी लकब. हे सगळे भाग एका अदृश्य कोठारात पडलेले असतात आणि त्यातून जुळवाजुळव करून नवं पात्र उभं राहतं. त्याचं उदाहरण मासलेवाईक आहे: ‘दी जी चारात’. १९९८ साली एका दुकानसाखळीच्या जाहिरातीसाठी काढलेली ही मुलगी. मागे कथा नाही, घरदार नाही, नुसते लोकप्रिय सुटे भाग एकत्र केलेले. लोकांना ती इतकी आवडली की गोष्ट नंतर लिहावी लागली, मालिका नंतर काढावी लागली.

आता त्याच काळातली दुसरी मुलगी पाहा. हिदेआकी आन्नोंची ‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’ ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६ अशी २६ भाग चालली. तिच्यातली आसुका ही पुढच्या कितीतरी फणकाऱ्याच्या मुलींची आद्य नायिका मानली जाते. ती मालिकेचा नायक शिंजी याला सतत मूर्ख म्हणते, सगळ्यांत पहिली यायला धडपडते, कोणाची मदत घेत नाही. पहिले काही भाग आपण हसतो. मग कळतं की तिची आई वेडाच्या भरात एका बाहुलीला आपली मुलगी समजत होती आणि खऱ्या मुलीला ओळखत नव्हती. ज्या दिवशी आसुकाची ‘इव्हँगेलियन’ या लढाऊ यंत्राची चालक म्हणून निवड झाली, त्या दिवशी ती धावत आईला सांगायला गेली आणि आईनं गळफास घेतलेला पाहिला. त्यानंतर तिच्या फणकाऱ्यावर हसू येत नाही. तो स्वभाव नव्हताच, ती एका लहान मुलीनं दाराला लावलेली कडी होती. पण नक्कल करणाऱ्यांनी उचललं काय? लाल केस, कमरेवर हात आणि ‘मूर्खा!’ हा शब्द. आई गाळली. तिच्या शेजारच्या अबोल रेईचंही तेच झालं. फिकट केस आणि थंड आवाज तेवढा कोठारात जमा झाला.

म्हणून कोणता साचा चांगला, कोणता वाईट, या वादात मला रस नाही. त्या फणकाऱ्यामागे काही आहे का, एवढंच पाहावं. ‘तोरादोरा’मधली ताइगा चणीनं इवलीशी, म्हणून शाळेत तिला ‘तळहातावरचा वाघ’ म्हणतात. ती भेटेल त्याला फटकावते. पण बापानं तिला घराबाहेर काढून एका फ्लॅटमध्ये ठेवलंय आणि तिथे एकटीच्या स्वयंपाकाचे तीनतेरा वाजलेले आहेत, हे मालिका फार लवकर दाखवते. त्यामुळे ती चालते. उलट डझनावारी मालिका अशा आहेत की त्यात मुलगी मुलाला भिंतीवर आपटते आणि ते विनोद म्हणून खपवलं जातं. कारण विचारायचं नाही, ती ‘त्सुंदेरे’ आहे ना!

इथे मला काळजी वाटते, आणि ती फक्त मारझोडीची नाही. ‘तिचं नाही म्हणजे हो’ हा धडा तेरा-चौदाच्या पोराला या साच्यातून आपोआप मिळतो. मुलगी चिडली म्हणजे तिला आपण आवडतो, हा समज हिंदी चित्रपटांनी आधीच घट्ट केलाय. त्याला आता गोंडस डोळ्यांची साथ मिळाली. यांदेरेचं तर त्याहून वाईट. ‘मिराई निक्की’मधली युनो प्रेमापायी माणसं मारत सुटते. गोष्टीत तिला आईबापांनी पिंजऱ्यात कोंडून उपाशी ठेवल्याचा इतिहास आहे. पण स्टेटसवर फिरतो तो तिचा लाजरा, गाल धरलेला चेहरा. पाळत ठेवणं, मोबाइल तपासणं, दुसऱ्या कोणाशी बोलू न देणं, हे गोड वाटायला लागतं.

साच्याची किंमत नटही मोजतात. कुगिमिया रिए या आवाजाच्या अभिनेत्रीनं २००५ ते २००८ या काळात ‘शाना’तली शाना, लुईझ, ताइगा अशा एकामागून एक फणकाऱ्याच्या मुली रंगवल्या आणि ‘त्सुंदेरेची राणी’ हा किताब तिच्या नावाला चिकटला. मराठी वाचकाला निळू फुले आठवतील. ‘सामना’ चित्रपटात त्यांनी केलेला हिंदुराव धोंडे पाटील १९७५ चा. त्या पात्राला तेंडुलकरांनी इतके कंगोरे दिले होते की मास्तर त्याच्यासमोर बसतो तेव्हा दोघांची कीव येते. पुढे मात्र इरसाल पाटील, बाईवर वाकडी नजर, खर्जातला आवाज, एवढाच अर्क काढून तो वर्षानुवर्षं विकला गेला. सेवादलात घडलेला, आयुष्यभर सामाजिक कामात वावरलेला हा माणूस गावोगावच्या बायकांच्या शिव्या खात राहिला. निळूभाऊंनी त्या दाद म्हणून घेतल्या, हा त्यांचा मोठेपणा.

प्रेक्षक मग हेच साचे स्वतःला लावून घेतो. जपानमध्ये ॲनिमे पात्राच्या अधिकृत माहितीत रक्तगट लिहिण्याची पद्धत आहे, कारण रक्तगटावरून स्वभाव ठरतो असा तिथे लोकांचा समज आहे. ताकेजी फुरुकावा यांनी १९२७ मध्ये ते मांडलं आणि १९७१ मध्ये मासाहिको नोमी यांच्या पुस्तकानं ते घरोघर नेलं. शास्त्रीय आधार नाही. आपण हसू नये. छत्तीस गुण जुळवणारे आपण. आता त्यात चार इंग्रजी अक्षरांच्या सोळा प्रकारांची भर पडली आहे आणि कॉलेजातली पोरं ओळख करून देताना तीही सांगतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचं खास व्यक्तिमत्त्व-विश्लेषण’ म्हणून एकेक कागद दिला. किती बरोबर आहे, ते पाचापैकी गुणांत सांगा म्हणाले. सरासरी ४.२६ आली. सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता आणि तो रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून घेतलेला होता. १९४९ मध्ये त्यांनी हे छापलं. ‘मी दांदेरे आहे’ असं म्हणणारी मुलगी खोटं बोलत नसते. अनोळखी माणसांत गप्प कोण होत नाही? फक्त, आज गप्प बसण्याला तिनं कायमचं नाव दिलेलं असतं.

माझ्या गावच्या माणसाला सगळ्यांत जास्त बोचणारा साचा मात्र बोलीचा आहे. जपानीत पात्राचं वय, दर्जा, गाव हे सर्वनामावरून आणि वाक्याच्या शेपटावरून कळतं. म्हाताऱ्या शास्त्रज्ञाची एक भाषा, बड्या घरच्या मुलीची दुसरी. प्रत्यक्षात असं कोणी बोलत नाही. सातोशी किन्सुई या भाषाशास्त्रज्ञानं २००३ मध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि याला ‘भूमिकेची भाषा’ म्हटलं. त्यात ओसाकाकडची बोली आली की समजायचं: पात्र बडबडं, पैशाला चिकट, हसवणारं. मराठीत ही जागा कोणाची, सांगायला नको. मालिकेत ‘काहून बे’ ऐकू आलं की पुण्या-मुंबईचा प्रेक्षक हसायच्या तयारीत बसतो. वकील, डॉक्टर, नायिका वऱ्हाडी-नागपुरीत बोलल्याचं किती वेळा पाहिलंय? नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’मध्ये नागपूरची पोरं त्यांच्या वळणानं बोलली आणि ती केवळ हसवायला ठेवलेली नव्हती, याचंच आम्हाला कोण अप्रूप वाटलं.

जपानमध्ये कियोहिको आझुमा यांनी ‘आझुमांगा दाइओ’ या कॉमिकमध्ये या साच्याची मस्त फिरकी घेतली. तोक्योच्या वर्गात ओसाकाहून एक मुलगी येते. तिचं नाव आयुमू कासुगा, पण वर्गमैत्रिणी तिला लगेच ‘ओसाका’च म्हणू लागतात आणि आता ही काहीतरी धमाल करील म्हणून वाट बघतात. ती मात्र संथ, स्वप्नाळू, खिडकीबाहेर बघत भलत्याच विचारात गुंतलेली. विनोद होतो तो वर्गाच्या अपेक्षेचा. २००२ मध्ये याची मालिका झाली, आणि इंग्रजीत करताना तिला अमेरिकेच्या दक्षिणेकडचे लांबट हेल दिले.

ॲनिमे आता हिंदी, तमिळ, तेलुगूत चित्रपटगृहांत लागतो. उद्या कोणी ‘आझुमांगा’ मराठीत करायला घेतलं, तर ओसाकाच्या तोंडी कोणती बोली घालतील, यावर मी शंभर रुपयांची पैज लावायला तयार आहे. घालोत. फक्त ती बोलणारी पोरगी पारशिवनी-कन्हानकडची आणावी आणि तिला सांगावं, बाई, इथे हसवायचं नाही. तू घरी बोलते तशी सावकाश बोल.